एका कान्यानं घालवलेला गुडघा

मुक्काम शिरवळ,
फाल्गुन शुद्ध पंचमी, सन १९४६

राजमान्य राजश्री नाथाजी दाजी पाटील यांचे सेवेशी, धाकटा मेव्हणा आकाराम याचा साष्टांगाला एक अंग कमी असा नमस्कार. (आठ अंगांत गुडघेही धरतात. माझा उजवा गुडघा इटलीतून आल्यापासून टेकत नाही, तेव्हा खोटा नमस्कार कशाला घालू? आधीच सरकारदरबारी आपण खोटे ठरलो आहोत. ते कसं, तेच सांगायला हे पत्र.) विनंती विशेष. बनुआक्काची पाठ आता कशी आहे? निर्गुडीचा शेक चालू ठेवावा. गुऱ्हाळ लागलं असेल, काकवीची एक कासांडी कुणी येणारं-जाणारं असेल त्याच्या हाती द्यावी. तुमचा दमा, तांबड्या म्हशीचं दूध आणि तालमीचं गळकं छप्पर, तिन्हीची हालहवाल कळवावी. इकडील सर्व क्षेम आहे. म्हणजे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. क्षेम काहीएक नाही, आणि ते नाही याला कारण तुम्ही आहात.

रागावू नका. तुम्ही वडील, माझ्या थोरल्या बहिणीचं कुंकू. लहानपणी तुमच्याच घरी राहून, तुमच्याच म्हशीचं दूध पिऊन मी पैलवान झालो, हे मी जन्मात विसरणार नाही. पण दाजी, देवाशपथ सांगतो, तुमच्याजागी दुसरा कुणी असता तर मी त्याच्या दारात येऊन बोंब मारली असती. तुम्ही पडलात पोलीस पाटील, तुमच्या दारात बोंब मारली तर तुम्हीच पंचनामा करणार. म्हणून लिहून मारतो आहे.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुमचं पाप किती मोठं ते तुम्हालाच समजेल. इटलीत नदीच्या काठाला गोळा फुटला आणि लोखंडाचा तुकडा माझ्या उजव्या गुडघ्यात शिरला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या इस्पितळात गोऱ्या डॉक्टरांनी तुकडा काढला, पाय वाचवला आणि गुडघा मात्र खुंट्यासारखा सरळ करून ठेवला. पाय वाचला त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण न वाकणारा पाय घेऊन आपल्या मुलखात जगणं काय असतं ते ज्याचं त्याला. गोऱ्या लोकांचं बरं आहे, ते खुर्चीवर जेवतात, खुर्चीवर लिहितात, आणि सकाळचा कार्यक्रमसुद्धा म्हणे खुर्चीवरच उरकतात. आपल्याकडं सगळी कामं बुडाशी टाच लावून. म्हशीखाली बसता येत नाही. उभ्यानं धार काढायला गेलो तर म्हशीला वाटलं मी तिला ढकलतो आहे, तिनं मलाच ढकललं. भाकरीला चुलीपुढं बसता येत नाही. हातात तांब्या घेऊन शेताकडं जाण्याची गोष्ट मी वडीलधाऱ्यांना लिहीत नाही, तुम्ही मनात समजून घ्या.

आणि पंगत! माघात आमच्या भावकीत लग्न झालं. मला मानानं शेवटच्या पाटावर बसवलं, कारण पाय आडवा पसरायला तिथंच जागा. आमटीवाला मोठ्या तोऱ्यात ओगराळं हलवत आला, नजर नवरीकडच्या बायकांवर, आणि माझ्या पायाला अडखळून गेला तो सगळी बादली वरबापाच्या फेट्यावर. वरबाप ओरडला, 'आरं ह्यो पाय कुणाचाय, उचला की त्यो!' उचला काय उचला? तो काय कडब्याची पेंढी आहे? तेव्हापासून भावकीनं ठरवलंय, आकारामाचं ताट घरी पाठवायचं. चांगलं वाढून पाठवतात, वर लाडू जास्तीचा ठेवतात. पण दाजी, घरात एकट्यानं लग्नाचं जेवण जेवून बघा एकदा. घशाखाली उतरत नाही. आमची कारभारीण विजयमाला समोर बसते आणि म्हणते, 'मी हाय की पंगतीला.' मग तर अजिबात उतरत नाही.

तर अशा या पायाला सरकारनं पेन्शन लावली होती, पण तात्पुरती. आता मुदत संपत आली तसा कागद आला की अपंगत्व कायमचं आहे असं वाटत असल्यास त्याचा वैद्यकीय पुरावा घेऊन साताऱ्याला डॉक्टरांच्या बोर्डापुढं हजर व्हावं. वाटत असल्यास म्हणे! मला काय हौस आहे वाटून घ्यायची? आणि पुरावा कुठनं आणू? पुरावा माझ्या कमरेखालीच आहे. मी जाईन तिथं तो येतो, उलट माझ्या आधी पोचतो, कारण तो कायम पुढं ताठ असतो. पण कागदात शेवटी अशीही एक ओळ होती की हा इसम भरतीपूर्वी हातीपायी धड होता असा गावच्या पाटलाचा मोहरबंद दाखला सोबत आणावा. म्हणजे गुडघा लढाईतच गेला, आधी मोडका नव्हता, याची खात्री. ही मागणी मला रास्त वाटली. भरती तुमच्याच गावातनं झालो, पाटील आपलेच दाजी, चिंता कसली! मी तुम्हाला काय कळवलं होतं? आठवा. 'भरतीआधी हातीपायी धड होता, एवढी एकच ओळ लिहून लाखेची मोहर लावून पाठवा.' एकच ओळ, दाजी! एक ओळ लिहायची म्हणजे तुमच्या जिवावर येतं, हे मला कळायला पाहिजे होतं. ज्या माणसानं शेळी हरवल्याच्या वर्दीत शेळीच्या आजीपासून सुरुवात केली, तो मेव्हण्याला एका ओळीत कसा उरकेल?

ती मोहर मी फोडली नाही. फोडायची नव्हती, हुकूम होता. छातीशी धरून घेऊन गेलो. सर्विस मोटारीत पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा तो समोरच्या म्हातारीच्या कोंबड्यांच्या पाटीवर ठेवला, साताऱ्यापर्यंत त्या कोंबड्यांनी माझं पाऊल टोचून काढलं, तरी मी तुमच्या दाखल्याची घडी मोडू दिली नाही. असा विश्वास!

बोर्डात दोन डॉक्टर होते. एक गोरा मेजरसाहेब, लालबुंद, घाईत. दुसरा मद्रासकडचा कॅप्टन, सावकाश आणि भला. तिसरा होता दुभाषी कारकून, चष्मेवाला, आपलाच मराठी माणूस, पण असा की त्याच्या अंगाला जन्मात तांबडी माती लागलेली नसावी. कॅप्टननं माझा गुडघा तपासला. वाकवला, वाकला नाही. छोट्या हातोडीनं ठोकला, वाजला पण हलला नाही. पाठीमागनं हळूच चिमटा काढून बघितलं, मी 'आयाई गं' म्हणालो पण गुडघा ताठच. (हा चिमटा मला आवडला नाही. पण पुरावा गोळा करायची त्यांची रीत असेल.) कॅप्टननं मेजरकडं बघून मान डोलावली. मेजरनं पेन उघडलं. दाजी, पेन कागदाला टेकायचंच राहिलं होतं! तेवढ्यात कारकून म्हणाला की पाटलाचा दाखला वाचायचा राहिला.

मोहर फोडली. आत काय? एक ओळ? छे! पानभर मोडी, टाक न उचलता लिहिलेली. कारकून त्यातनं इंग्रजी करून वाचत गेला आणि साहेबांची तोंडं बदलत गेली. मेजरनं पेन मिटलं. कॅप्टननं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याच्या खिशात हात घातलाय. मी कारकुनाला म्हणालो, रावसाहेब, असं काय लिहिलंय? त्यानं तुमची वाक्यं मला वाचून दाखवली. तुमचीच आहेत, ओळखा. 'सदरहू गड्यास सर्व डाव अवगत आहेत. एकलंगीत याचा हात धरील असा मर्द जिल्ह्यात नाही. भरतीपूर्वी तासगावचे मैदानात शेवटचे जोडीत घुटन्यावर पाडला, ते सर्व लोकांनी पाहिले.'

तुमच्या तालमीत हे वाक्य वाचलं असतं तर लोकांनी फेटे उडवले असते. पण त्या चष्मेवाल्यानं त्याचं काय केलं असेल? डाव म्हणजे लबाडी. म्हणजे या इसमाला सगळ्या लबाड्या येतात. एकलंगी म्हणजे एका पायानं लंगडणं. म्हणजे लंगडायचं सोंग करण्यात याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही. आणि घुटन्यावर 'पाडला', म्हणजे मी दस्तगीर पैलवानाला पाडला, यातला काना तुम्ही मोडीच्या घाईत खाल्लात! त्यानं वाचलं 'पडला'. म्हणजे भरतीच्या आधीच हा माणूस जत्रेत गुडघ्यावर आपटला, सगळ्या लोकांनी पाहिलं. झाला निकाल. गुडघा आधीच मोडका, वर लंगडण्याचं सोंग, आणि साक्षीदार कोण, तर प्रत्यक्ष गावचा पोलीस पाटील, लाखेच्या मोहरेसकट. शत्रूनं ठरवून लिहिलं असतं तर इतकं चोख जमलं नसतं.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी फौजी हिंदुस्थानीत साहेबांना सांगायला लागलो, साहेब, ये लंगडी नहीं, एकलंगी है, दाँव है, दाँव! तर कॅप्टन म्हणाला, 'हाँ, दाँव तो है.' म्हणजे पुन्हा तेच. मग मी घुटना म्हणजे गुडघ्यावर पडणं नव्हे, गुडघा लावून दुसऱ्याला उताणा करणं, हे सांगायला गेलो, तर 'गुडघा' आणि 'पाडणे' एवढेच दोन शब्द त्यांना पुन्हा ऐकू गेले. मेजर घड्याळ बघायला लागला. कारकून कुत्सितपणे हसून म्हणाला, 'अहो, डाव म्हणता तर करून दाखवा की.'

दाजी, तुम्हीच मला शिकवलंय की मैदानात आव्हान आलं तर माघार घ्यायची नाही. आता त्या खोलीला मैदान म्हणायचं का, हा विचार मी नंतर मोटारीत केला. त्या वेळी माझा हात कारकुनाच्या एका पायाला कधी गेला, तो पाय वर कधी आला आणि कारकून कधी उलटला, मला कळलं नाही. अशी एकलंगी तुमच्या तालमीतसुद्धा झाली नव्हती. कारकून फरशीवर, दोन्ही खांदे जमिनीला, चष्मा टेबलाखाली. दारातला पट्टेवाला (कराडकडचा असावा) 'आरं शाब्बास रं गड्या!' म्हणून ओरडला आणि त्यानं मांडीवर थाप मारली. मेजरसाहेब तर इतका खूश झाला की उठून त्यानं माझ्याशी हात मिळवला. मग खाली बसला, पेन उघडलं आणि लिहिलं, 'माणूस पूर्ण तंदुरुस्त.'

आता सांगा, हसावं का रडावं? माझं म्हणणं खरं हे मी दाखवलं आणि दाखवताच ते खोटं ठरलं. गुडघा वाकला नव्हता, दाजी! सगळी कुस्ती मी डाव्या पायावर केली, उजवा खुंटा बाजूला तसाच ताठ होता. पण तो बघतो कोण! भला तो कॅप्टन, त्यानं तेवढं बघितलं होतं. त्यानं मेजरच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मेजरनं निकालाचा कागद तेवढा रोखून धरला, म्हणाला, पुढल्या बैठकीला पाटलाचा नवा, सरळ दाखला किंवा भरतीआधीची दुसरी खात्रीची साक्ष आणली तर पुन्हा बघू, नाहीतर प्रकरण बंद. कारकून मात्र भिंतीला टेकून होता, त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. त्याचा चष्मा मी टेबलाखालनं काढून देणार होतो, पण वाकता येईना.

मग मी विचार केला, भरतीआधी माझे पाय धड होते याची सगळ्यांत पक्की साक्ष कुणाची? ज्याला त्या पायांनी पाडलं त्याची! लगेच तासगाव गाठलं, दस्तगीर पैलवानाकडं. त्याचं आता बांगड्यांचं दुकान आहे. ज्या पंजात मनगट सापडलं की माणूस अल्ला अल्ला करायचा, त्या पंजानं तो आता लेकीबाळींना काचेच्या बांगड्या भरतो, एक फुटत नाही. मला बघताच उठला, माझा पाय बघितला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं दुकानातली गिऱ्हाइकं उठवली आणि त्यांच्या बैठकीवर माझा पाय उशी देऊन ठेवला. त्याच्या घरच्या साबेराभाभींनी हातानं वळलेल्या बोटव्यांची खीर केली. मला ते सगळं बघून फार भरून आलं. साक्ष द्यायलाही तो एका पायावर तयार. (कुणी हा शब्दप्रयोग आता माझ्यासमोर करू नये.) म्हणाला, 'लिव रं आकाराम, मी अंगठा न्हाई, सही करतो. लिव, याचे पाय धड व्हते, लोखंडासारखे व्हते. म्हणून तर आमची कुस्ती बरोबरीत सुटली.'

बरोबरीत! मी खिरीची वाटी खाली ठेवली. मी म्हणालो, पैलवान, बरोबरीत कशी? घुटन्यावर मी तुला चीत केला. तो शांतपणे म्हणाला, 'माझं खांदं लागलंच नव्हतं. डावा खांदा वर व्हता. पंच तुझा दाजी व्हता, मी त्या येळी काय बोललो न्हाई.' बघा, इतकी वर्षं पोटात ठेवून बसलाय, आणि बाहेर कधी काढलं, तर मला साक्ष पाहिजे तेव्हा! मी पुष्कळ विनवण्या केल्या. निकालाचं नाव काढू नकोस, नुसतं पायांचं लिही म्हणालो. तर म्हणे, 'बोर्डापुढं खोटं कसं लिवू? निम्मं लिवणं बी खोटंच.' साक्ष लिहून, सही करून, घडी घालून त्यानं माझ्या खिशात घातली. ती पेटीत आहे. ती दिली तर पेन्शन मिळेल असं विजयमाला म्हणते. तिचंही बरोबर आहे. म्हशीखाली ती बसते, नांगरामागं गडी लावावा लागतो, आणि माझा जन्म पुढं पडलाय तेवढा. पण ती साक्ष दिली की सरकारदरबारी कायमचं लिहिलं जाईल की आकारामनं दस्तगीरला पाडला नव्हता. पाय कायमचा गेला याचा पुरावा द्यायला मी माझी कुस्ती कायमची घालवू?

तुम्हाला एक गोष्ट सांगतो, कुणाला सांगू नका. परवा सकाळी इथल्या तालमीवरनं चाललो होतो. पोरं हौदा खणत होती, मातीत ताक आणि तेल घातलेलं, तो वास आला. मी बाहेरच उभा राहिलो. ज्या गुडघ्यानं मी तो घुटना लावला, तोच हा गुडघा, दाजी. मला परत मातीत उतरता येणार नाही. हे इस्पितळात कळलं होतं, पण मला खरं त्या वासानं कळलं. आता माझ्याकडं ती एकच कुस्ती शिल्लक आहे. आणि तिच्यातला काना तुम्ही खाल्लात. म्हणून हा एवढा संताप. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पदरात घ्यावा. बनुआक्काला नमस्कार, लेकरांना पापा, छपराला नवी कौलं घाला. कळावे, लोभ होता तो आहेच, रागही आहे.

आपला,
आकाराम

ता. क. आता मुख्य काम. पुढल्या बैठकीच्या आत नवा दाखला पाठवावा, बाळबोध अक्षरांत. कुस्ती, डाव, जोड, माती, मैदान यातला एकही शब्द नको. उलट साफ लिहा की या इसमानं जन्मात लांग बांधली नाही, तालीम कुठल्या दिशेला आहे ते त्याला ठाऊक नाही, फक्त हातीपायी धड होता आणि शेती करीत होता. मग साहेबाला शंका घ्यायला जागाच उरणार नाही. माझी काही हरकत नाही. मी मनाची तयारी केली आहे.

दुसरी ता. क. पत्र विजयमालाला वाचून दाखवलं. वरचं ऐकून ती म्हणाली, 'आवं, मग दस्तगीरभावजींना कुणी पाडलं?' तेव्हा वरची ता. क. रद्द समजावी. होतं तसंच लिहा, कुस्तीसकट लिहा, एकलंगी म्हणजे काय तेही खाली फोड करून लिहा. फक्त 'पाडला' यातला काना असा ठळक काढा की साहेबाला समुद्रापलीकडनं दिसावा. पेन्शनचं पुढं बघू.

तिसरी ता. क. दाजी, हे फक्त तुमच्या-माझ्यात. तुम्ही पंच होता, पण माझ्या बहिणीचे मालकही होता, म्हणून विचारतो. त्याचा डावा खांदा लागला होता ना? उलट टपाली कळवावे. दाखल्याची एवढी घाई नाही.